हरता न येणारी लढाई

८ जानेवारी २००७

कॉलेजचा विषय आज जेवताना पुन्हा निघाला. बाबा ताटावरून उठले, मग मीही उठलो. अस्मिता एकटीच जेवत राहिली. "तुम्ही दोघं उठा. तुमचं कालवण मी संपवते," म्हणाली. माझी धाकटी बहीण. बारावीला आहे आणि जिभेला हाड नाही.

बाबांचं म्हणणं, दोन वर्षं काढलीस, तिसरं पण काढायचं होतंस. पण सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुम्हा लोकांना सीट मिळते, किंमत कुठून कळणार?" तेव्हा बाबा तिथे नव्हते. मी सरांची कॉलर धरली. माफी लिहून दे म्हणाले, दिली नाही. पुन्हा बोलले तर पुन्हा धरीन.

आता उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तुलसीशेठच्या दुकानात बसतो. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि गेमच्या सीड्या. जुने पार्ट जोडून केलेला मागच्या खोलीतला कॉम्प्युटर शेठने आज मला वापरायला दिला. "ले पुट, खेल." पुट म्हणजे त्याच्या सिंधीत पोरगा. मला खेळायचं नाही, खेळ बनवायचाय, हे त्याला सांगितलं नाही.

खेळ अनुयासाठी आहे. हेही सांगितलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ हातावर ठेवला, बाबांना दे म्हणाली. नेऊन वाटीत टीव्हीवर ठेवला. त्यांनी खाल्ला असावा, नंतर वाटी रिकामी होती.

अनुयाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. आमच्या वर्गात होती. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते. लॅबमध्ये सर नसले की आम्ही दोघं एक गेम खेळायचो. परदेशातल्या कुणा एकट्याने घरी बसून केलेला, इंटरनेटवरून फुकट उतरवलेला. अंगठ्याएवढी माणसं, एक गाव, आणि नुसतं बोलणं. मधेच लढाई आली की अनुया कीबोर्ड माझ्याकडे सरकवायची. "ही मारामारी तू कर बाबा. मला पुढचं वाचायचंय." मी मारामारी करायचो. ती टेबलावर कोपर टेकून वाट बघायची.

कॉलेज सुटलं तसा तो कीबोर्डही सुटला. ती अजून भेटते, पण रविवारी, आणि घाईत.

म्हणून ठरवलंय की माझ्या गेममध्ये तिला कीबोर्ड कधीच कुणाकडे सरकवावा लागणार नाही. लढाई येईल, पण नुसतं एंटर दाबलं की झालं. हरायचं नाही. गोष्ट थांबायची नाही. शेवटी गेम संपेल तेव्हा मी तिला विचारणार.

२० जानेवारी

गेमचं नाव 'गाळ'. नदीकाठचं गाव, पूर येऊन गेलाय, घराघरांत गाळ. रेवा नावाची मुलगी गाळातून लोकांच्या वस्तू काढते आणि ज्याच्या त्याला नेऊन देते. कुणाचं घड्याळ, कुणाचा पाटा. प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट. वाटेत गाळाची माणसं उठतात. तीनदा एंटर मारलं की पाणी होऊन वाहून जातात.

वैताग एकच आहे. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही, नुसते चौकोन दिसतात. म्हणून प्रत्येक वाक्य आधी टाइप करायचं, त्याचं चित्र करायचं आणि मग ते गेममध्ये चिकटवायचं. एक शब्द बदलला की चित्र नवीन. दिवसाला जेमतेम एका घराचं बोलणं होतं.

अस्मिता कॉलेजवरून येताना दुकानात आली, पाटावाल्या म्हातारीपर्यंत खेळली.

"दादा, यात हरायला होतच नाही."

"हरायचं कशाला?"

"मग लढायचं कशाला?"

दोन प्रश्न विचारून पोरगी लोकल पकडायला निघून गेली.

२८ जानेवारी, रविवार

अनुया भेटली. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरामागे, नाल्याच्या कडेला बसलो. गेम बनवतोय म्हटल्यावर इतकी खूश झाली की मी उगाच जास्त बोललो. पुराचा आहे म्हणालो. तशी ती गप्प झाली. मग विचारलं, "शेवट काय आहे?"

"ते सरप्राईज."

"सांग ना."

"नाही. खेळून बघ."

तिने गवताची काडी तोडली, तिचे तुकडे केले. लाजली असावी. शेवट तिच्यासाठीच आहे हे तिला कळलं.

शेवट काय आहे ते इथे लिहितो. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये बदलापुरात पूर आला तेव्हा अनुया आणि तिचे बाबा दोघंच घरात होते. घर वरच्या मजल्यावर. खाली विठाकाकू, गुडघ्यांनी अधू. त्यांचा नवरा कोंडाजी जांभूळला पाण्याच्या पंपावर ड्युटीला, तो तिकडेच अडकला. पाणी भसकन चढलं. विठाकाकू जिन्याखालून हाका मारत होत्या. अनुयाचा हात कडीवर होता. बाबा म्हणाले, "नको. तूही जाशील." तिने हात काढला. बाबांनी वरची कडीपण घातली.

मागच्या गणपतीत तिने मला हे सांगितलं. तिच्या घरात यावर कोणी बोलत नाही. "कोणाला सांगू नकोस, विक्रांत." मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या गेममध्ये रेवा दार उघडते, जिना उतरते, पाण्याशी लढते आणि काकूंना वर घेऊन येते. अनुयाने एंटर दाबलं की ते होणार. कोणी कोणाला देऊ शकणार नाही असं काहीतरी मी तिला देतोय.

११ फेब्रुवारी

शेवटचा प्रसंग झाला. पाण्यासाठी सात चित्रं काढली. पाण्याचा जोर आधी थोडा जास्त ठेवला होता. रेवा दोनदा मेली. जोर कमी केला. आता डोळे मिटून एंटर दाबलं तरी काकू वाचतात.

लोडशेडिंगमुळे दोनदा काम उडालं. दुसऱ्या वेळी टेबलाला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

शेठ मागे येऊन उभा राहिला, काय करतोयस म्हणून सिंधीत विचारलं. "छा पियो करीं? गेम बनाया? दिखा." पाच मिनिटं बघितलं. "साईं, इसमें फाइट किधर है? मारधाड़ डाल, गाड़ी डाल. बुड्ढी को पाटा देने के लिए कौन सीडी खरीदेगा?"

"बेचायची नाय शेठ."

"तो दुकान में क्या अगरबत्ती लगाऊँ इसको?"

पण जाताना म्हणाला, चित्रं चांगली आहेत.

१७ फेब्रुवारी

अनुयाला फोन केला. पुढच्या शनिवारी दुकानात ये, गेम तयार आहे. "येते," म्हणाली. नुसतं येते. मी तो शब्द दिवसभर ऐकत होतो. निळा शर्ट आईकडे इस्त्रीला टाकलाय. आईने विचारलं, "इंटरव्ह्यू आहे का रे?" बाबांनी पेपर खाली केला. मी हो म्हणालो. काय बोलणार?

२४ फेब्रुवारी, शनिवार

घडलं तसं लिहितो.

मी कॅम्प दोनला प्रिंटर पोचवायला गेलो होतो. शेठने तेवढ्यात गेमची कॉपी करून काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर लावली. येणारे-जाणारे बघतील म्हणून. वाईट हेतू नव्हता त्याचा. परत आलो तर काउंटरवर एक कॉलेजचा पोरगा खेळत होता आणि त्याच्यामागे अनुया उभी होती. ती लवकर आली होती.

पोरगा शेवटच्या प्रसंगात होता. एका हातात शेंगदाण्याची पुडी. दुसऱ्या हाताने एंटर, एंटर, एंटर. मधेच पुडीत हात घालायचा, पुन्हा एंटर. रेवा काकूंना घेऊन जिना चढली तसा तो मित्राला म्हणाला, "ले, आंटी बच गई. एकदम इझी है यार."

अनुयाने माझ्याकडे बघितलं. मी हसलो. खरंच हसलो, मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. ती ओढणी सावरून दुकानाबाहेर पडली. मी मागे धावलो तर रिक्षात बसली होती. काच असती तर तिने ती वर केली असती, असा चेहरा.

१ मार्च

फोन उचलत नाही. काल तिच्या आईने उचलला. "कोण बोलतंय? आडनाव?" मी आडनाव सांगितलं. "ती घरी नाही." ठेवला.

कळलं मला. शनिवारी तिने मला कुठे बघितलं? सिंध्याच्या दुकानात, हातात प्रिंटरची केबल. शिवाय हे आडनाव. कॉलेजमध्ये असेपर्यंत चालत होतं. सरांनी तोंडावर म्हटलं, ही न बोलता म्हणाली. उद्या जाऊन तोंडावर विचारणार. माझ्या गेमची दोन महिन्यांची मेहनत आणि हिला आडनाव दिसतं.

अस्मिताला सांगितलं. ती म्हणाली, "तिला गेममधलं काय आवडलं नाही, ते विचारलंस का?"

"गेमचा काय संबंध?"

"बरं बाबा," म्हणाली आणि पुस्तकात तोंड घातलं.

२ मार्च

हेंद्रेपाड्यात गेलो. चालताना वाक्यं तयार करत होतो, एकेक वाक्य आधीच्यापेक्षा जहाल.

वर कुलूप होतं. खालच्या ओट्यावर एक म्हातारा लसूण सोलत बसलेला. "वर कुनी नाय. अनू येल आता, कालेजातनं. बस. पानी पितंस?" मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. तांब्या दिला. हे कोंडाजी काका.

भिंतीला नवा रंग होता, पण माझ्या डोक्याच्या वर एक पट्टा सोडलेला, मातकट. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"तिथवर व्हतं पानी. रंगवाल्याला म्हनलं, येवढा ऱ्हाऊ दे."

मी तांब्या तोंडाला लावला.

"मी पंपावर. चाळीस वर्सं लोकांना पानी सोडलं, आन् त्या दिशी घरात पानी सिरलं तं मी नव्हतो. माजी मंडळी एकटीच व्हती." लसणीची पाकळी सोलून ताटलीत टाकली. "वरची मानसं लय चांगली. अजून माजा डबा त्येंच्याकडनंच येतो. पान्याचा आवाजच येवढा, त्येंना काय आयकूच आलं नाय. आयकलं आसतं तं ऱ्हायली नसती ती मानसं. गेली आसती खाली."

तांब्या मी ओट्यावर ठेवून दिला.

अनुया फाटकातून आली. काकांना बघितलं, मला बघितलं, पांढरी पडली. तिला वाटलं मी सांगितलं. मी मान हलवली, नाही, नाही. ती मला रस्त्यावर घेऊन गेली, पिठाच्या गिरणीजवळ. गिरणी चालू होती म्हणून मोठ्याने बोलावं लागत होतं.

तयार केलेलं एकच वाक्य आठवलं. "सरळ सांग ना, आमचं आडनाव चालत नाही."

"तुला सगळीकडे तेच दिसतं का रे?"

"दिसतं. कारण असतं."

"असतं," ती म्हणाली. "आईला चालणार नाही. बाबांना तर नाहीच. खोटं कशाला बोलू? पण मी त्यासाठी निघून नाही गेले."

"मग कशासाठी? मी तिला वाचवलं, अनुया! तुझ्यासाठी वाचवलं!"

"तू मला जिंकायला लावलंस." गिरणी तेवढ्यात थांबली आणि तिचा आवाज रस्त्यावर मोठा आला. तिने तो खाली आणला. "मी गेले नव्हते, विक्रांत. तिथे जाणं इतकं सोपं नव्हतं. तो पोरगा शेंगदाणे खात खाली गेला. एका हाताने. मग मला का नाही जमलं? तुझ्या गेममध्ये कोणालाही जमतं."

मी म्हणालो, मला तुला बरं वाटावं असं वाटत होतं.

"मला बरं वाटायला नको होतं. तुला एकट्याला सांगितलं होतं मी."

गिरणीवाल्याने पट्टा चढवला, पुन्हा घरघर सुरू झाली. ती आत गेली. जाताना ओट्यापाशी थांबली, काकांच्या पुढ्यातली लसणीची टरफलं गोळा केली आणि वर गेली. मला सगळा वेळ वाटत होतं की ती वळून बघेल.

३ मार्च

होळी. कॅम्पात सकाळपासून ढोल.

गेम काउंटरवरून काढला. शेठने आणखी दोन कॉप्या केल्या होत्या, त्या मागितल्या. एक शेठच्या भाच्याकडे गेलेली. मी ओरडलो, माझ्या परवानगीशिवाय कशी दिली? शेठ उलटा ओरडला, मशीन किसका है? मी त्याच्या अंगावर गेलो. हात वर गेला. तो हललाच नाही, नुसता बघत राहिला, आणि मला सरांची कॉलर आठवली. हात खाली घेतला. मग काय बोलावं कळेना म्हणून खरं बोललो, नाव न घेता: एका मुलीने दार उघडलं नव्हतं, मी गेममध्ये उघडून टाकलं.

शेठ स्टुलावर बसला. म्हणाला, "मेरा बाप सिंध से आया, तेरह साल का था. उधर का सब बताता था. आम का पेड़, घोड़ा, सब. घर का दरवाज़ा कैसे बंद किया, वो पूछो तो उठ के चला जाता था." भाच्याला फोन लावला, सीडी परत मागवली. मी दोन्ही सीड्यांचे तुकडे केले. शेठ म्हणाला, कचरा बाहर डाल.

अनुयाने 'मला एकट्याला' सांगितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही असं जानेवारीत इथेच लिहिलंय. वाचलं आणि लाज वाटली. तोंडाने सांगितलं नाही एवढंच.

१० मार्च

शेवटचा प्रसंग पुसला होता. मग वाटलं, पुसणं म्हणजे पण एक कडीच. कोणाला दाखवायचा नाही, पण खरा करायचा.

सोपा जाईल असं वाटलं होतं, कारण त्यात काहीच होत नाही. दार आहे. रेवा दाराशी उभी आहे. खालून हाक येते. एंटर दाबलं तर काही नाही. बाण दाबले तर काही नाही. हाका येतात, मधलं अंतर वाढत जातं, मग येत नाहीत. मग फक्त पाणी. नंतर सकाळ. लढाई नाहीच.

पण हे करायला लढाईपेक्षा जास्त वेळ लागतोय. किती वेळ थांबायचं? कमी ठेवलं तर खोटं वाटतं. जास्त ठेवलं तर माझ्याच्याने बसवत नाही, मीच उठून बाहेर चहाला जातो. म्हणजे जेवढं मला सहन होत नाही त्याच्या थोडं पुढे न्यायचं, असं ठरवलं.

१३ मार्च

कोणाला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी अस्मिताला बसवलं. आधी न सांगता बसवलं. रेवा दाराशी आली, हाक आली. अस्मिताने एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. मग पटापट दाबत सुटली, स्पेस, बाण, सगळं. "दादा, हँग झालाय."

"नाही झाला."

"अरे ती बोलावतेय ना!" मग तिचा हात थांबला. ती कीबोर्डपासून थोडी मागे सरकून बसली आणि सकाळ होईपर्यंत गप्प. अस्मिता, गप्प.

बाहेर आल्यावर म्हणाली, "हे खरं आहे." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. नंतर, "तिला दाखवलंस तर ती तुझी होणार नाही, माहितीये ना?"

मी म्हणालो, माहितीये. तोपर्यंत माहीत नव्हतं. तिने विचारलं तेव्हा कळलं.

१८ मार्च

फोनवर एवढंच म्हणालो, दार उघडत नाही असं केलंय, कोणाकडे कॉपी नाही, बघायचं नसेल तर पुसतो. ती म्हणाली, "येते."

आज दुपारी आली. शेठने न सांगता काउंटरचं शटर अर्धं ओढलं आणि ओट्यावर पेपर घेऊन बसला. मी निळा शर्ट घातला नव्हता. विचारायचं होतं ते विचारलं नाही.

ती खुर्चीवर बसली. मी कीबोर्ड पुढे केला. तिने तो माझ्याकडे सरकवला नाही, स्वतःकडेही ओढला नाही. हाक आली. तिने एकही बटण दाबलं नाही. दोन्ही हात मांडीवर. रेवा दाराशी, ही खुर्चीत. हाका लांब होत गेल्या. मी बाहेर जाणार होतो, पण गेलो नाही.

सकाळ झाली. अनुया म्हणाली, "ती नुसती ओरडत नव्हती. नाव घेत होती. अनू, अनू. बाबांचं नाही, माझं."

हे तिने गणपतीत सांगितलं नव्हतं.

"टाकू का तसं?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं आणि स्वतःचाच राग आला.

"नको. आता पुसून टाक सगळं. मला पुन्हा बघायचं नाहीये." डोळे पुसले नाहीत, कोरडेच होते. "मी काकांना सांगणार आहे. रोज डबा नेऊन देते मी, विक्रांत. रोज ते म्हणतात, तुमचे उपकार."

"तुझे बाबा?"

"बाबा मला मारतील नाहीतर रडतील. काकांना तरी कळायला हवं."

"मी येऊ?"

"कशाला?" रागाने नाही म्हणाली. खरंच विचारलं, कशाला. मी माउस हातात घेतला.

तिच्यासमोरच पुसलं. सगळं, पाटावाल्या म्हातारीसकट.

२१ मार्च

काही नाही. फोन करायचा नाही असं स्वतःला बजावलंय. दोनदा रिसीव्हर उचलून ठेवला. शेठ म्हणाला, उचलना है तो उचल, रखना है तो रख, पण बिल मेरा आता है.

संध्याकाळी बाबांशी बोललो. सर काय म्हणाले होते ते सांगितलं, पहिल्यांदाच. बाबा बराच वेळ हात चोळत बसले. म्हणाले, "मला वाटलं पोरगा आळशी निघाला." मग आईला म्हणाले, वाढ.

२५ मार्च, रविवार

दुकानात फोन आला. शेठने उचलला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला.

"सांगितलं," अनुया म्हणाली.

"काय म्हणाले?"

"आधी काहीच नाही. ओट्यावरून उठून आत गेले. मला वाटलं आता दार लावतील. मी उभीच राहिले. मग परत आले, माझ्यासमोर बसले आणि विचारलं, शेवटी काय म्हणत होती ती?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगितलं. जेवढं ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. मधे थांबले तर म्हणायचे, अजून सांग. दोनदा सांगायला लावलं. दीड वर्ष ते धरून चालले होते की ती काही बोलली असेल तर ते कोणीच ऐकलं नाही." मग घरचं सांगितलं. "बाबा घरात माझ्याशी बोलत नाहीत. काका आज सकाळी वर आले. पहिल्यांदा. बाबांच्या समोर बसून राहिले. कोणीच बोललं नाही. चहा प्यायले आणि गेले."

"आणि तू?"

"झोपले. खूप झोपले." मग म्हणाली, "मी आता दुकानात येणार नाही, विक्रांत."

आधीचा मी असतो तर विचारलं असतं, का, कोण आडवं येतंय, नाव सांग. घशापर्यंत आलं होतं. "बरं," म्हणालो.

ती ठेवत नव्हती. मीही ठेवत नव्हतो. विठाकाकू शेवटी काय म्हणाल्या, ते मला अजून माहीत नाही. तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, पण विचारलं नाही. ते काकांचं आहे.